नवा सायलेन्सर, नवा फिल्टर, अन् गाडी पळंना!

प्रश्न : काका नमस्कार, मी केजचा. माझी पल्सर २२० आहे, कार्बोरेटरवाली, २०१६ ची. दिवाळीत थोडे पैसे हातात आले म्हणून फ्री फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर, कंपनीचा फिल्टर डबा काढून हवेचा उघडा कोन फिल्टर आणि दोन्ही इरिडियम प्लग असं सगळं एकाच दिवशी बसवून घेतलं. आवाज एकदम जबरदस्त झालाय पण गाडी पळायलीच नाही. आधी १२० ला आरामात जायची, आता ९५ च्या पुढं काटा हलंना, सहा हजार आरपीएमनंतर कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं होतंय. मांजरसुंबा घाटात आधी चौथ्यावर चढायची तिथं आता तिसरा टाकावा लागतोय. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके वाजतात, मित्रांना ते लई आवडतंय. इथला एक मिस्त्री म्हणतो पिस्टन-रिंग गेली, बोरिंग करा, म्हणजे सिलिंडर आतून तासून नवा पिस्टन घाला. खरंच करावं का?

उत्तर : आधी ते बोरिंग डोक्यातून काढ. रिंग झिजते ती हळूहळू, निळा धूर दिसायला लागतो, ऑइल कमी होत जातं, मालकाला कित्येक महिने पत्ताही नसतो. काल १२० पळणाऱ्या गाडीची रिंग आज सायलेन्सर बदलला म्हणून जात नसते. गाडी ज्या दिवशी खोलली त्याच दिवशी बिघडली ना, मग बिघाड जिथं जिथं पाना लागला तिथंच शोधायचा, इंजिनच्या पोटात नंतर शिरू. तरी मनात शंका राहत असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून घे. गाडी गरम पाहिजे, एक प्लग काढून तिथं गेज बसवायचं, रेस पूर्ण उघडी धरायची आणि सेल्फ मारायचा, २२० ला किक नाहीच. आकडा लिहून ठेव, मग त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत माप. ऑइलनं आकडा चांगलाच वर गेला तर रिंग-बोअर संशयात, आकडा आधीच कमी होता आणि ऑइल घालूनही हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा टॅपेट बघायचे. माझा अंदाज, आकडा ठीकच येईल.

आता मूळ गोष्ट. कंपनीनं कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळ्या, ठरवले ते कंपनीचा फिल्टर डबा आणि कंपनीचा सायलेन्सर धरून. तू आत येणारी हवाही मोकळी केली आणि बाहेर जाणारा धूरही मोकळा केला, पेट्रोल मात्र तेवढंच ठेवलं. चुलीत लाकडं तेवढीच आणि फुंकर दुप्पट, असं झालंय. याला लीन होणं म्हणतात, आणि तुझे मित्र ज्या फटाक्यांवर खूश आहेत ती त्याचीच खूण आहे. दुसरं कारण सायलेन्सरच्या तोंडाशी हवा शिरणं, त्याचं पुढं बघू.

लीन आहे का हे बघायला खर्च नाही. तुझ्या गाडीला हातानं ओढायचा चोक असेल तर मोकळ्या रस्त्यावर गाडी जिथं अडकते तिथं नेऊन अर्धा चोक ओढ. चोक म्हणजे जास्तीचं पेट्रोल. चोक ओढल्यावर गाडी थोडी सुटली, पुढं ओढायला लागली तर पेट्रोल कमी पडतंय हे पक्कं. उलट अजूनच गुदमरली, काळा धूर टाकला, तर पेट्रोल आधीच जास्त आहे किंवा अडचण तिसरीकडंच आहे.

पण जेट बदलायच्या आधी कोन फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात नीट बघ. तुझा कार्ब सीव्ही टाइपचा आहे, म्हणजे रेसच्या केबलनं फक्त खालची फ्लॅप उघडते, वरची स्लाइड उचलायचं काम हवेचा दाब आणि एक पातळ रबरी डायफ्राम करतो. त्या डायफ्रामला हवा मिळावी म्हणून कार्बच्या तोंडाच्या कडेला बारीक भोकं असतात. बाजारातल्या कित्येक कोन फिल्टरचं रबर जाड असतं, पूर्ण आत सरकवलं की त्याची कड नेमकी त्या भोकांवर बसते. मग काय होतं, खालच्या आरपीएमला गाडी छान, आणि वर स्लाइड पूर्ण उचलतच नाही, तू रेस कितीही पिळ. तुझी सहा हजारांची भिंत वाचून मला पहिला संशय यावरच आला. फिल्टर चार-पाच मिलीमीटर बाहेर ओढून क्लिप आवळ आणि चालवून बघ. काही फिल्टरांना आत ओठासारखी कड असते, ती ब्लेडनं कापावी लागते.

त्याच वेळी कार्बचं वरचं झाकण कुणी उघडलं होतं का तेही विचारून घे. डायफ्रामची कड खाचेत न बसता झाकणाखाली चिमटली गेली किंवा बारीक चिरली असली तरी हेच लक्षण येतं. स्लाइड बोटानं वर उचलून सोड, ती सावकाश एकसारखी खाली आली पाहिजे, धपकन पडली तर डायफ्राम फाटलाय किंवा नीट बसलेला नाही.

मग हवा कुठून धरते ते बघायचं. कार्ब आणि इंजिनच्या मधलं रबर, त्याची क्लिप, आणि सायलेन्सर जिथं हेडला बसतो तिथलं पॅकिंग. नवीन सायलेन्सर बसवताना जुनंच चपटं झालेलं पॅकिंग परत घालायची आपल्याकडं जाम सवय, पन्नास-शंभर रुपये वाचतात आणि गाडी आयुष्यभर फटाके वाजवते. गाडी आयडलवर (रेस न देता नुसती चालू) ठेव, कार्बमागच्या रबरावर चहूबाजूंनी साध्या पाण्याचा फवारा मार, आरपीएम बदलला तर तिथून हवा आत जातेय. काही जण कार्ब क्लीनर मारतात, गरम सायलेन्सरवर उडालं तर भडका होतो म्हणून मी पाणीच सांगतो. सायलेन्सरच्या जोडाला काळी काजळी दिसली की वेगळा पुरावा नको.

प्लगचं राहिलं. २२० ला प्लग दोन आहेत आणि हीच गंमत आहे, एक पूर्ण मेला तरी गाडी चालू होते, आयडलला उभी राहते, फक्त ओढ जाते आणि अॅव्हरेज पडतं, आणि माणूस बाकी सगळं खोलत बसतो. एकेका प्लगची कॅप काढून गाडी दुसऱ्या प्लगवर चालते का बघ. काढलेली कॅप हवेत लोंबती ठेवू नको, तिच्यात जुना प्लग खोचून तो इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठेव, नाहीतर झटका तुला बसेल किंवा कॉइल जाईल. आणि इरिडियमनं ताकद वाढते हे ज्यानं तुला सांगितलं त्यानं प्लग विकले, दुसरं काही नाही. इरिडियम जास्त टिकतो आणि स्पार्क स्थिर देतो, इथवर खरं. नंबर, हीट रेंज (प्लग किती उष्णता बाहेर सोडतो ते) आणि आट्यांची लांबी कंपनीच्या प्लगशी जुळते का ते बघ. त्याचं बारीक टोक पानानं वाकवून गॅप करायला जाऊ नको, तुटतं.

हे सगळं बघूनही चोकवाला निकाल लीनच आला तर मग जेट. इथं बहुतेक जण चुकतात ते असं, की "सहा हजाराला अडकते" एवढ्यावर जेट ठरवतात. जेट आरपीएमवर नाही, रेस किती उघडी आहे त्यावर काम करतो. मुठीवर आणि तिच्या शेजारी चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा कर. पावच्या आत अडखळली तर पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, पाव ते पाऊण या पट्ट्यात स्लाइडला लागलेली सुई, पूर्ण उघड्यावर मेन जेट. सीव्ही कार्बला हे थोडं मागंपुढं होतं पण दिशा कळते. मेन जेट एका वेळी एकच नंबर वाढव, आणि कृपा करून तारेनं किंवा ड्रिलनं भोक मोठं करून देणाऱ्याकडं जाऊ नको, ते भोक वेडंवाकडं होतं आणि मग त्या कार्बचा हिशोब देवालासुद्धा लागत नाही.

जेट बदलला की प्लग वाचायचा. नवीन प्लग घालून घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण उघडी ठेवून थोडं अंतर घे, चढ असला की स्पीड कमी राहतं आणि जीव धोक्यात जात नाही, मागं ट्रक नाही ना तेवढं बघ. मग क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच, बाजूला घेऊन थंड झाल्यावर प्लग काढ. पांढरा फटक असेल तर अजून लीन, बिस्किटी रंग बरोबर, काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. आजकालच्या पेट्रोलनं रंग फिका येतो, तेव्हा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या अगदी बुडाशी उजेड पाडून बघ.

पेट्रोलवरून आठवलं. तुझी गाडी २०१६ ची आणि आता पंपावर मिळतंय ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ च पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० जास्त द्यावं लागतं. नव्या इंजेक्शनच्या गाड्या स्वतःच थोडं वाढवून घेतात, कार्बोरेटरला काही कळत नाही. तुझी गाडी त्यानं आधीच जराशी लीन होती, त्यावर तू फिल्टर आणि सायलेन्सरची भर घातली. इथेनॉल आपल्याच उसाचं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही, पण जुन्या गाड्यांचे डायफ्राम आणि ओ-रिंग त्यानं लवकर कडक किंवा मऊ होतात हे गॅरेजात बसून रोज दिसतं.

आणि ऊन. कोन फिल्टर इंजिनच्या पाठीशी उघडा बसतो, सिलिंडरची गरम हवाच ओढतो, कंपनीचा डबा सीटखालची त्यातल्या त्यात थंड हवा घेतो. नुसतं हवामान बघ, आपल्याकडं मे महिन्यात पहाटे २८ अंश आणि दुपारी ४३ अंश असतं, एवढ्या फरकानं हवा सुमारे ५ टक्के पातळ होते, म्हणजे २२० च्या साधारण २१ हॉर्सपॉवरमधली एक तर उन्हानंच खाल्ली. म्हणून आधी-नंतरची तुलना एकाच रस्त्यावर, एकाच वेळेला, एकाच माणसानं करायची. तिसरा गिअर, ४० वरून ८० ला किती सेकंद लागतात ते मित्राला मागं बसवून मीटरचा व्हिडिओ घेऊन मोज, दोन्ही दिशेनं, वारा असतो. "वाटतंय" यावर जाऊ नको, मोठ्या आवाजाची गाडी चालवणाऱ्याला नेहमी पाच-दहा किलोमीटर जास्तच पळतेय असं वाटतं.

माझा स्वतःचा सल्ला मागशील तर सगळ्यात आधी फिल्टर डबा परत बसव, भंगारात दिला नसेल तर. एक वस्तू परत, एक चाचणी, मग दुसरी. तीन वस्तू एकदम काढल्या तर गाडी पळेल पण दोष कुणाचा होता ते कधीच कळणार नाही. डबा परत आला की निम्म्याहून जास्त अडचण जाईल असं मला वाटतं. आपल्या रस्त्यांची धूळ, त्यात ऊसतोडीच्या दिवसात ट्रॅक्टरच्या मागं चालणं, उघड्या कोन फिल्टरमधून बारीक धूळ आत गेली तर मिस्त्रीचं बोरिंगचं भाकीत वर्षभरात खरं ठरेल. सायलेन्सरचं म्हणशील तर १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-प्रदूषणाच्या कलमात दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. तेवढ्यात चांगला कंपनीचा सायलेन्सर आणि दोन टायर येतात.

प्रश्न : मी परभणीचा निवृत्त शिक्षक. माझ्याकडं १९९४ ची आरएक्स १०० आहे, हौसेनं सगळी नवी करून घेतली. मुलाच्या आग्रहानं सायलेन्सरच्या जागी एक्सपान्शन चेंबर बसवला. आता वरच्या रेसला गाडी अचानक उसळी मारते पण खालची ओढ गेली. मागं मंडळी बसल्या की साध्या चढालाही दुसऱ्यावर आणावी लागते. इंजिन कामात काही चुकलं असेल का?

उत्तर : गुरुजी, चुकलं काहीच नाही, चेंबरचा स्वभावच तो आहे. टू स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर जाताना त्याच्यामागं थोडं ताजं मिश्रणही निसटतं. चेंबरच्या शेवटच्या निमुळत्या भागावर दाबाची लाट आपटून परत येते आणि ते निसटलेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलते. ही लाट वेळेवर पोचते ती ठराविक आरपीएमलाच, तेव्हा गाडी उसळते. त्याच्या खाली ती अवेळी येते आणि मदत करायच्या जागी अडथळा करते. तुमचं इंजिन ९८ सीसीचं, मुळात साधारण ११ हॉर्सपॉवर तीही वरच्या आरपीएमला, खालून थोडं काढून घेतलं तरी लगेच जाणवतं. रेस लावणाऱ्या पोराला ते चालतं, तुम्हाला भाजी मंडईतून डबल सीट यायचंय. जुना सायलेन्सर असेल तर त्याचं बॅफल (आतली नळी) काढून कार्बन साफ करून तोच परत लावा, कदाचित आधीची ओढ कार्बनमुळंच कमी झाली असेल आणि दोष बिचाऱ्या सायलेन्सरला मिळाला असेल. चेंबर ठेवायचाच हट्ट असेल तर पुढचं स्प्रॉकेट एक दात कमीचं घ्या, खाली बरं वाटेल, वरचा स्पीड थोडा जाईल. फक्त एक गोष्ट आठवड्यात करा, मेन जेट तपासून घ्या. टू स्ट्रोकला पेट्रोल कमी पडलं तर ती नुसती मंद होत नाही, पिस्टन तापून जाम होतो, आणि चालत्या गाडीत झालं तर मागचं चाक लॉक होतं.

प्रश्न : हिंगोलीहून लिहितोय. बाइकला रेसिंगचं म्हणून महागडं ऑइल टाकलं तेव्हापासून रेस वाढते, आवाज वाढतो पण गाडी पुढं सरकंना.

उत्तर : इंजिन ठणठणीत आहे, क्लच स्लिप मारतोय. चौथ्यात पन्नासवर रेस पूर्ण उघडून बघा, आरपीएमचा काटा पळाला आणि स्पीडचा जागेवर राहिला की झालंच. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ (बाइकच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असं लिहिलंय का बघा, नसेल तर ते बहुतेक कारचं ऑइल आहे. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधला घसरगुंडीचा मसाला त्याच्या प्लेटांना चालत नाही. ऑइल बदला, केबलला थोडा ढिला खेळ ठेवा, शंभर-दोनशे किलोमीटर चालवा. तेवढ्यानं सुधारलं नाही तर क्लच प्लेटा.

प्रश्न : घनसावंगीकडचा आहे, डिझेल पिकअपवर मोसंबी भरून जालन्याला नेतो. टर्बो खराब झाला म्हणून नवा घातला, सोबत कुणीतरी सांगितलं म्हणून मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) टाकला आणि पंपाचं डिझेलही थोडं वाढवून घेतलं. आता माल भरला की काळा धूर आणि चढाला दम नाही. रिकामी गाडी ठीक चालते. टर्बोवाला म्हणतो टर्बो नवा आहे, आमचा दोष नाही.

उत्तर : भाऊ, टर्बोवाला खरं बोलत असेल, टर्बो हवा करतोय पण ती इंजिनपर्यंत पोचत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. त्यात तुम्ही पंप वाढवला, आगीत तेल. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन, या होस पाइपांचे सगळे जोड बघा. इंटरकूलर मोठा बसवला म्हणजे पाइप ओढून-ताणून बसवलेला असणार, क्लिप कडेवर आवळलेली असते आणि माल भरून दाब वाढला की रबर फाकतं. रिकाम्या गाडीला दाबच कमी म्हणून तेव्हा काही कळत नाही, आणि उभ्या गाडीत रेस देऊन तपासलं तरी टर्बो पूर्ण दाब करत नाही, त्यामुळं "उभ्यावर बघितलं, ठीक आहे" यावर विश्वास ठेवू नका. जोडाभोवती ओलसर तेलाची धूळ चिकटलेली दिसेल, तीच जागा. नाही दिसली तर गाडी बंद, टर्बोच्या तोंडाला बूच लावून पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरनं रेग्युलेटर लावून १५ पीएसआयच्या आसपास हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतील तिथं गळती. टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या अॅक्ट्युएटरला जाणारी बारीक नळी परत जोडली का तेही बघा, ती बाजूला लोंबत राहिलेली मी बऱ्याच गाड्यांत बघितलीय. आणि गळती सापडेपर्यंत पंपाचं डिझेल आधीच्या जागेवर आणून घ्या. जास्तीचं डिझेल, कमी हवा आणि भरलेला माल, असंच महिनाभर चढावर चालवलं तर धुराची उष्णता नव्या टर्बोला जाळेल आणि मग खर्च दोनदा होईल, तोही ऐन मोसंबीच्या तोडणीत.